मज्जातंतूंचा मार्गदर्शक

१ डिसेंबर
प्राचार्यांकडून पक्कं कळलं. बावीसला बढतीची मुलाखत. प्रोफेसर व्हायला आपल्या हाताखालून एक तरी पीएचडी बाहेर पडलेली लागते. माझ्याकडे एक आहे. कबनूरची तेजस्वी. तिची तोंडी परीक्षा एकोणीसला. नियोजन यालाच म्हणतात. प्राणिशास्त्र विभागातल्या बाकीच्यांना हे सुचायचं नाही. ते चहात बुडालेले.
विषय माझाच. कोंबडीच्या गर्भात मज्जातंतू आपली वाट कशी शोधतो. काही रेणू त्याला ओढतात, काही ढकलतात, तंतूचं टोक चाचपत पुढं जातं. थोडक्यात, मार्गदर्शनाशिवाय काही वाढत नाही. पण हे विभागाला कोण सांगणार.

३ डिसेंबर, सकाळ
धैर्यशीलने बातमी आणली. शेजारच्या टेबलावरचा, वयाने लहान, जिभेने मोठा. परीक्षक नागपूरचे, आणि ते गाइडलाही मायक्रोस्कोपवर बसवतात म्हणे. सांगताना हसत होता. हसू दे.
अंड्याला मी हात लावलेला नाही. आपण जैन, घरची शिस्त. अंडी फोडणं, गर्भ काढणं, काप घेणं, सगळं तेजस्वीने. बुद्धी माझी.
तरी ठरवलं: आजपासून रोज तासभर स्लाइड पाहायच्या.

संध्याकाळ
आज चतुर्दशी निघाली, आमचा व्रताचा दिवस; गर्भाकडे पाहणंही नको. उद्यापासून.

५ डिसेंबर
दीपा म्हणजे घरातला विरोधी पक्ष. जेवताना सहज म्हणालो, हिंसा झाली ती तेजस्वीच्या हातून, मी नामानिराळा. तर म्हणते, करणं, करवून घेणं आणि बरं केलंस म्हणणं, तिन्ही एकच, हे बस्तीत, मुनींच्या प्रवचनात, लहानपणापासून ऐकताय की. मी म्हटलं, माझा हातच लागलेला नाही.
"मग अहो, पाप तिचं आणि बढती तुमची, हे कुठलं वाटप?"
हिला विज्ञान कळत नाही. भाकरी गार झाली.

९ डिसेंबर
तेजस्वीची रंगीत तालीम. निम्मा वेळ तिने रिसेप्टरवर, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या रेणूवर, घालवला. तिचं म्हणणं, नेट्रिन हा रेणू तोच. पण तंतूच्या टोकाशी एक रिसेप्टर असला तर तंतू त्याच्याकडे ओढला जातो, दुसरा असला तर त्याच्यापासून पळतो. म्हणजे सांगणाऱ्यापेक्षा ऐकणारा मोठा! म्हटलं, हे सगळं काढ. सिग्नलवर बोल. आणि सुरुवातीला माझा फोटो टाक. "बरं सर," म्हणाली. आवाजात आदर होता.
मायक्रोस्कोप: चष्म्याचा नंबर बदललाय. नवा आला की.

१५ डिसेंबर
चष्मा आला. मायक्रोस्कोप बीएस्सीच्या पोरांनी अडवलेला. हाकलता आलं असतं, पण मी लोकशाहीवादी. त्या वेळात दारावरची नवी पाटी करायला टाकली. 'प्रोफेसर' जरा मोठ्या अक्षरात.

१८ डिसेंबर
पुन्हा चतुर्दशी. आणि आता पाहून तरी काय? विषय डोक्यात आहे, डोळ्यांत कशाला.

१९ डिसेंबर
हॉल भरलेला. तेजस्वीचे वडील केरबा यंत्रमाग बंद ठेवून आलेले. सगळ्यांना जेवण त्यांच्याकडून, रीतच आहे. रिसेप्टरचं तिने काहीही काढलेलं नव्हतं. माझा फोटो तेवढा गाळला होता. परीक्षक मात्र मान डोलावत राहिले. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, सर, वळलेला तंतू तुम्हीच दाखवा.
बसलो. दिसला. काळा, ठसठशीत, झोकदार वळलेला. वर्णन करून सांगितलं: बुडाशी जाड, टोकाला निमुळता, आणि पाहा, सिग्नल मिळताच हलतोय. काचेवर चिकटवलेल्या कापातला तंतू हलताना आजवर कुणी पाहिला नसेल. मी पाहिला.
परीक्षक वाकले. हळूच बोलले, पण माइक चालू होता.
"सर, स्लाइड अजून लावलेली नाही. ती तुमची पापणी."
मागून केरबांचा आवाज. सरांस्नी काय दिसलं म्हनं? पापणी, असं कुणीतरी सांगितलं.
"मग बराबर हाय की. हलनारच."
हसणाऱ्यांची पातळी काय बोलावी.
तेजस्वीला पदवीची शिफारस झाली. म्हणजे माझ्या नावावर एक पडली, मुद्दा तेवढाच. निघताना परीक्षक म्हणाले, सोमवारी भेटू, मुलाखतीलाही मीच आहे. ओळख झाली, उत्तम झालं.

२२ डिसेंबर
मुलाखत. परीक्षकांनी विचारलं, तेजस्वीच्या कामात तुमचा वाटा काय? म्हटलं, मार्गदर्शन. सिग्नल मीच. मग ती कुठल्या दिशेने गेली, विचारलं. इथे मी तक्रार करून टाकली: मी सांगितलं त्याच्या नेमकी उलट. रिसेप्टर काढ म्हटलं, ठेवले. फोटो ठेव म्हटलं, काढला.
त्यांनी लिहून घेतलं. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तुम्ही ढकलणारा रेणू झालात, सर. गर्भाला तोही लागतो. पण त्याला बढती नसते."
बाहेर तेजस्वी पेढे वाटत होती. धैर्यशीलच्या मागे उभा राहून एक घेतला.