बारा नंबरचा घोडा

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण पत्राची सुरुवात शिव्यांनी करू नये हे आपल्या आईने शिकवलंय. शिव्या पुढे आहेतच. चष्मा लाव आणि सावकाश वाच. हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते, पण तू समोर आलास की डोळ्यांत पाणी आणतोस आणि मी विरघळते. सव्वीस वर्षांत इतक्यांदा विरघळलेय की या वेळी म्हटलं, कागदच बरा.

मागच्या आठवड्यात तुझी सून माझ्याकडे आली होती. तुला सांगून आली नव्हती, तुला चकित करायचं होतं बिचारीला. गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेला लाकडी घोडा होता. चार चाकांचा, तुझ्या मुलाचा, तुमच्या माळ्यावर पडून होता तोच. नात आता वर्षाची होईल, तिला बापाच्याच घोड्यावर बसवायचं म्हणून पुन्हा रंगवून हवा होता. म्हणाली, "आत्या, हिला वरचे दोन दात आलेत, दिसेल ते चावते. घोड्याचे कान आधी खाणार बघा. कुठला रंग लावू, तो पोटात गेला तरी भीती नको आणि महिन्याभरात उडायलाही नको?" पोरगी हुशार आहे. तुझ्या घरात कशी टिकलीय कोण जाणे.

मला कुणी रंगाचं विचारलं की मी थांबत नाही, तुला माहीत आहे. तिला सांगितलं, पाण्यात मिसळणारा रंग घे, पण डब्यावर मुलांच्या खेळण्यांना चालतो असं स्पष्ट छापलेलं असेल तोच. वास येत नाही म्हणजे निर्धोक, असं नसतं. भिंतीचा उरलेला रंग लावू नकोस, बसून बसून चिकट होतो. फाटकाचा तर नकोच नको, कितीही चकचकीत असला तरी. पातळ तीन हात दे, दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश कागदाने घास. रंग वरून एका दिवसात वाळतो, आतून पक्का व्हायला तीन आठवडे लागतात, तोवर पोरीला लांब ठेव. आणि हातात धरायच्या दांड्याला रंगच नको, लाकूड गुळगुळीत करून मेण चोळलं की झालं. तिने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आत्या, तुम्हीच करून द्या ना." मग घोडा माझ्याकडेच राहिला.

ती गेल्यावर मी घोडा उलटा केला. पोटाखाली माझ्याच हातचा आकडा, बारा. आकडे मीच घालायचे ना. तू लाकूड कापायचास, सांधे बसवायचास, सामान आणायचास. मी रंग आणि आकडे. सव्वीस वर्षांपूर्वी, त्या वर्षी, आपल्या कारखान्यात आपण एकेचाळीस घोडे केले, सगळे पिवळे. तो रंग तू बिनचिठ्ठीच्या डब्यांतून आणला होतास. मी विचारलं तर म्हणालास, खेळण्यांचाच आहे गं ताई, घाऊक घेतला की असा साध्या डब्यात देतात. काय रंग होता! दोन तासांत वाळायचा, नखाने खरवडला तरी निघायचा नाही. लोक हात फिरवून बघायचे आणि मी फुलून जायचे.

अकरा नंबरचा घोडा माझ्या लेकीचा. तीन वर्षांची होती. दिवसभर त्यावर बसायची आणि दांडा चघळायची. पोटात दुखतं म्हणायची, मी म्हणायचे नाटकं करते. मग जेवेना, मग हसेना, मग डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला विचारलं की घरात रंगाचं काम कोण करतं. मी करते, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. रक्तात शिसं निघालं. मी ते माझ्या हाताने, तीन हात देऊन, तिला चारलं होतं.

त्या दिवशी तू माझ्या दारात बसून रडलास. मला काय माहीत ताई, दुकानदाराने केसाने गळा कापला आपला, असं म्हणत होतास. मीच तुझी समजूत काढली, आठवतं? माझी पोर दवाखान्यात आणि मी तुला पाणी देतेय. मग डोळे पुसून तू शहाणपणाचं बोललास. कुणाला सांगू नकोस, एकोणचाळीस घरांत घबराट होईल, तू रंगवलेत म्हणून लोक तुलाच दगड मारतील, डबे गुपचूप फेकून देऊ. मी गप्प बसले. ते माझं पाप आहे, ते मी तुझ्या नावावर टाकणार नाही. पण मी गप्प बसले ते आपण दोघंही फसलो असं समजून.

माझी लेक आता एकोणतीस वर्षांची आहे. दूध आण, येताना दार लाव आणि ओले कपडे वाळत घाल, असं एका दमात सांगितलं तर पहिलं लक्षात राहतं. ते करून ती येते आणि पुढचं काय म्हणून विचारते. कधी हसून विचारते, कधी चिडून भांडं आपटते. सातवीत तीनदा बसली. लग्नाचं बोलणं दोनदा आलं आणि दोनदा गेलं. तू येतोस तेव्हा तिच्या केसांवरून हात फिरवतोस आणि म्हणतोस, देवाच्या मनात असतं ते होतं. देवाला फार कामाला लावलंस रे तू.

आता बाराकडे ये. जुना रंग घासायच्या आधी त्यात शिसं आहे का ते बघावंच लागतं, नाहीतर धूळ नाकातोंडात जाते. हल्ली रंगाच्या दुकानात ते तपासायच्या कांड्या मिळतात. ओलं टोक रंगावर अर्धा मिनिट घासायचं, शिसं असलं की ते लाल होतं. मला खात्री होती की लाल होणार. तुझ्या सुनेला काय सांगायचं, याचे शब्दही जुळवून ठेवले होते. कांडी घासली, टोक पांढरंच. दुसरी घेतली. ब्लेडने पार लाकडापर्यंत खाच पाडून तिसरी घेतली. पांढरी. कांड्याच खराब असतील म्हणून माळ्यावरून अकरा नंबर काढला. मी तो प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलाय, का ते मलाही सांगता येणार नाही. कांडी टेकते न टेकते तोच लालभडक.

मग बाराला उजेडात नेलं आणि नीट पाहिलं. रंगात ब्रशचा एक केस अडकलाय, आत बारीक धूळ रुतून वाळलीय. दोन तासांत वाळणाऱ्या रंगावर इतकी धूळ बसत नाही. गुडघ्यांवर पोपडे निघालेत. हा आपला आधीचा रंग आहे, हळू वाळणारा, लवकर उडणारा, पण साधा. घोडे रंगवायच्या त्या आठवड्यात लेकीच्या घोड्यासाठी मी तुझ्याकडे तो जुना रंग मागितला होता, कारण मला त्याची सवय होती. तू रिकामा डबा उलटा करून दाखवलास. एक थेंब नाही गं, म्हणालास. आणि वर म्हणालास, तू दमलीस, माझ्या पोराचा घोडा मीच रंगवतो. मागच्या खोलीचं दार लावून दोन दिवस रंगवत होतास. मला भरून आलं होतं, भाऊ माझे हात जपतोय म्हणून! बाहेरच्या खोलीत मी अकरा नंबरला तिसरा हात देत होते, तू दारात उभा राहून बघत होतास आणि म्हणालास, मस्त चमकतोय.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगात सगळीकडे चालतं. पण माझं कार्टं तुला मामा म्हणत होतं रे. एक वाक्य पुरलं असतं. ताई, तुझ्या पोरीचा या रंगाने रंगवू नकोस. बाकीचे एकोणचाळीस विकले असतेस तरी मी तुझ्यावर थुंकले असते, पण माझी लेक आज घरी हिशेब सांगत बसली असती, कुणाच्या तरी संसारात असती, मला उलट उत्तरं देत असती. तेवढं वाक्य तुझ्या तोंडातून निघालं नाही, कारण ते बोललास की मी उरलेले डबे उचलून फेकले असते, हे तुला पक्कं ठाऊक होतं. ओळखतोस मला. मीच तुला ओळखलं नाही.

तुझ्या सुनेला मी काही बोललेले नाही. तिचा फोन आला तेव्हा सांगितलं, जुना रंग अगदी चांगला आहे, तुझ्या सासऱ्यांनी फार जपून रंगवला होता. तिला किती आनंद झाला! मी दिवसभर हात धुवत होते. घोडा तयार आहे, या पत्रासोबतच येईल, पिवळाच रंगवलाय, खेळण्यांच्या चांगल्या रंगाने, पातळ तीन हात देऊन. त्या पोरीचा काय दोष? तिच्या घोड्यात माझ्या मनातल्या विषाचा एक थेंबही उतरू दिलेला नाही. सगळं जपून ठेवलंय, तुझ्यासाठी.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. रविवारच्या पेपरात पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आपल्या कारखान्याची जाहिरात आहे. खाली आपल्या दोघांची नावं आहेत, माझं आधी, कारण रंग माझ्या हातचा. तुझ्या हातात एक दिवस आहे. मुलाला आणि सुनेला समोर बसवून तू स्वतः सांग, नाहीतर ती पेपर वाचतीलच. मजकूर चारच ओळींचा आहे, तुला आधी वाचायला मिळावा म्हणून लिहिते. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही विकलेल्या पिवळ्या लाकडी घोड्यांच्या रंगात शिसं आहे. ते मुलांपासून दूर ठेवा आणि ज्या मुलांनी ते वापरले, त्यांच्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पोटाखाली एक ते एकेचाळीस आकडा असलेला घोडा आणून दिल्यास आम्ही स्वखर्चाने परत घेऊ. बारा नंबर आणायची गरज नाही, तो निर्धोक आहे आणि मालकाच्या घरी आहे.

तुझीच,
ताई