तिचा पहिला शब्द

बाई,

हिची वाचा गेली त्याला चौदा महिने झाले. हिची म्हणजे माझ्या बायकोची. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, आमचं लग्न तुम्ही देवाघरी गेल्यावर झालं. सकाळी चहा गाळता गाळता लकवा मारला. पाय परत आला, भिंत धरून चालते. उजवा हात चमचा पकडतो आणि सोडून देतो. बोलणं मात्र आलं नाही. पाणी हवं तरी "अं", खिडकी लावायची तरी "अं". मी भलतंच काही आणून देतो आणि ती डोळे मिटून घेते.

आठवड्यातून तीनदा एक मुलगी येते, बोलण्याचा व्यायाम करून घ्यायला. कप, कंगवा, कुलूप अशी चित्रं एकेक करून दाखवते. मी मागे उभा राहून पुटपुटतो, आता बोल, आता बोल. मुलगी हसून म्हणते, "अंकल, आप बाहर बैठिए ना, आपको देखकर आंटी घबरा जाती हैं." इथे शहरात, तेलीबांध्याला, मुलाच्या या पाचव्या मजल्यावरच्या घरात बाहेर म्हणजे लिफ्टसमोरची खुर्ची. तिथे बसून कान देतो, मधेच उठून गॅस बंद आहे का ते पाहतो, पुन्हा बसतो. हा पोट्टा दोन घडी एका जागी बसत नाही, असं तुम्ही म्हणायच्या. पोट्टा म्हातारा झाला, बाई, पण बसणं जमलं नाही.

रोज सकाळी तिच्या पलंगाशी मी मोठ्यानं प्रार्थना करायचो. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. शेवटी तिला विनवायचो, "म्हण, प्रभू. नुसतं प्रभू म्हण." उरल्याच्या मिलमध्ये तीस वर्षं भट्टीसमोर काढली, पण असा थकलो नव्हतो. लोखंड भट्टीत घातलं की केव्हा लाल होईल ते कळायचं. इथे काहीच कळत नाही. देवानं ऐकलं की नाही तेही नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी असाच बसलो होतो. आतापर्यंत काय काय मागितलं ते देवाला पहिल्यापासून सांगत होतो, कचेरीच्या खिडकीवर सांगावं तसं. तेवढ्यात तिचा डावा हात आला आणि माझ्या तोंडावर बसला. आणि ती स्पष्ट, अगदी पूर्वीसारखी म्हणाली, "गप."

मुलगा आंघोळीला गेला होता, सून कामावर. मी एकट्यानं ऐकलं. मी नाचायला हवं होतं, पण मला राग आला. इतके दिवस गुडघे टेकले ते यासाठी? "मले गप म्हणते?" असं मी तिलाच विचारलं. ती अर्ध्या तोंडानं हसली.

रविवारी हिला घेऊन चर्चला, मंडळीत गेलो. उपासना आता हिंदीतच असते. पाळकसाहेबांनी विचारलं, "किसी को गवाही देनी है?" आपण साक्ष म्हणायचो तीच. दर रविवारी कोणी तरी उठतं. कोणाचा मुतखडा पडलेला असतो, कोणाच्या पोराला नोकरी लागलेली असते. सुरुवातीला लोक माझ्याकडे वळून पाहायचे, मग पाहायचे थांबले. त्या दिवशी मी उठलो. म्हणालो, माझी बायको बोलली, आणि तिचा पहिला शब्द होता 'प्रभू'. हालेलुया झालं, टाळ्या झाल्या, बायकांनी तिचे हात हातात घेतले. ती शेजारी बसून माझ्याकडे पाहत होती. तिला तर 'नाही' असंही म्हणता येत नाही. मी गीतांचं पुस्तक उघडलं आणि कोणी न सांगितलेलं गीत शोधत बसलो.

फाटकाशी मिलमधल्या माझ्या सोबत्याची बायको भेटली. तिच्या नवऱ्यालाही लकवा झाला आहे, त्याचीही वाचा गेली आहे. "भाऊजी, किती दिवस उपास केला तुम्ही?" मी म्हणालो, "केला थोडा." तेही खोटं. त्यानंतर दर रविवारी ती जास्त जास्त वाळलेली दिसू लागली. मागच्या रविवारी म्हणाली, "आमचे हे अजून काहीच बोलून नाही राहिले. माझाच विश्वास कमी पडून राहिला असन." तिचे ओठ कोरडे पडले होते. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. माझी शाळा चौथीत सुटली आणि रविवारी दुपारी तुम्ही मला वाचायला शिकवायला बोलावू लागल्या. तुम्ही सुपात तांदूळ निवडताय. मी चुलीजवळ पवित्र शास्त्र उघडून बसलोय. बहिणीच्या तोंडून ऐकून एक अख्खं स्तोत्र पाठ केलेलं आहे, ते मी बोट फिरवत धडाधड म्हणून टाकतो. तुम्ही वर न पाहता एक खडा बाजूला टाकता. "बोट कुठं आहे रे तुझं?" बोट भलत्याच पानावर. मी रडायला लागतो. "घाई काहून करतं? दोनच ओळी वाच. पण वाच." त्या दोन ओळींना एक तास लागला. निघताना तुम्ही काळ्या पुठ्ठ्याचा नवा करार हातात दिला. स्तोत्रासाठी नाही, त्या दोन ओळींसाठी.

आज दुपारी मी उरल्याला, त्या सोबत्याच्या बायकोला फोन केला. सांगितलं, ती प्रभू म्हणाली नाही, आणि उपासही मी केला नव्हता.

"मग काय म्हणाल्या?"

"गप."

ती हसली, बराच वेळ हसली, आणि मग त्या हसण्याचंच रडणं झालं. "भाऊजी, असं काहून केलं तुम्ही?" "आधी जेव," मी एवढंच म्हणालो. "जेवते," म्हणून तिनं फोन ठेवला. माफ केलं असं म्हणाली नाही.

उद्या रविवार. मंडळीत उभं राहून सांगायचं आहे. हिला तसं म्हटलं तर तिनं डाव्या हातानं माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला. लागलं नाही. मी हललो नाही, तिला प्रयत्न करू दिला. उद्या कदाचित मी उठणारही नाही. उठीनच असं वर लिहिलं होतं, ते खोडलं.

हे पत्र त्या काळ्या पुस्तकात ठेवतो, दुसरीकडे ठेवायला जागा नाही. एक राहिलं. तेरा महिने मी एक शब्द मागत होतो आणि तो मिळाला होता. त्या 'गप'साठी मी देवाचे आभार अजून मानलेले नाहीत.