आणखी एक माग

४ नोव्हें.
सरांनी आज सगळ्या ऑफिससमोर पल्लवीचं कौतुक केलं. वडगावच्या विणकर सोसायटीचा ऑनलाइन फॉर्म तिनं केलाय. एक घर, त्याखाली त्या घरातले माग. ‘आणखी एक माग’ दाबलं की खाली नवी ओळ उघडते. सेव्ह केलं की घर आणि माग एकदमच नोंदवले जातात. मीच शिकवलं होतं तिला. बोरगावहून आली तेव्हा डेटाची दोन टेबलं जोडता येत नव्हती. आता सरांचं उठता-बसता ‘पल्लवीला विचारा’.

५ नोव्हें.
सोसायटीचे चेअरमन आले होते. प. त्यांच्याशी फाडफाड कानडीत बोलली. मला कळतं सगळं, तोंडातून पटकन येत नाही. मी चहा सांगितला.
सरांनी पुन्हा वाहवा केली तर ही म्हणते, “आक्कानंच शिकवलंय मला.” गोड बोलून तेही खिशात घातलं! जळते मी तिच्यावर. लिहिलं, तरी बरं वाटलं नाही.

७ नोव्हें.
प. जवळ येऊन, “आक्का, एकदा बघतीस काय? लई भ्या वाटतंय.”
बघितलं. ओळीसमोरचं ‘काढा’ दाबलं की माग नुसता त्या घरातून निघत नाही, कायमचा पुसला जातो. त्याला जोडलेला वीजसवलतीचा अर्जही. तिला काय माहीत, आमच्या वडगावात भाऊ वेगळे झाले की माग या घरातून त्या घरात जातो. लोक इथून काढणार, तिथे घालणार, आणि अर्ज गायब.
मी म्हणाले, “बरं हाय की.”
डब्यातली शेंगापोळी देऊन गेली. खाल्ली मी.

८, शनि.
घरी जेवताना आप्पा म्हणाले, “सोमवारी फॉर्म भरायचाय. पडवीतला माग आपल्यातनं काढून काकाच्या घरात घालून टाकतो. वाटणी झाली, तरी सोसायटीच्या यादीत आपल्याकडंच दिसतोय.”
काकांचा सवलतीचा अर्ज त्याच मागावर आहे.

९, रवि.
सकाळी बसून दुरुस्ती केली. ‘काढा’ आता फक्त घराशी असलेला संबंध तोडतं. माग राहतो, अर्ज राहतो, दुसऱ्या घराला जोडता येतो. आपल्याच घरावर करून बघितलं. चालतंय.
पण पाठवू कुणाला? सरांना पाठवली तर प. उघडी पडेल, मी शहाणी ठरेन. मग ती विचारणारच, परवा ‘बरं हाय’ का म्हणालीस? आणि तिला पाठवली तर उद्याही टाळ्या तिलाच. का म्हणून?
दुपारी तिचाच फोन. “आक्का, उद्या तुझ्या आप्पांच्या घरापासनंच सुरू करायचं म्हटलंय. पहिला मान त्यांचा.”
“व्हय,” म्हणाले मी आणि फोन ठेवला.
आप्पांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. बाहेर काकांना सांगतायत, “काळजी करू नगंस रं. फॉर्म आपल्या पोरीच्या ऑफिसातनं आलाय.”
मेल तयार आहे. वर नाव अजून घातलेलं नाही.