पत्र आलं नाही म्हणजे सगळं ठीक

३ नोव्हेंबर

"बायांनो, तपासणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्या बायांनो, आपल्या सगळ्यांना एकच वाक्य ऐकवून घरी पाठवलं होतं — पत्र आलं नाही, तर समजा सगळं ठीक!"

भाषणाची सुरुवात ठरली. बारा तारखेच्या सभेत आपले आणि या तपासणीला मदत करणाऱ्या परदेशाचे, असे दोन्ही देशांचे डॉक्टर समोर असतील. मला वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात एका बाईला मान खाली घालून सभेतून उठायला लावायचं आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ताईची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी झाली. मीच ओढून नेलं होतं. नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत गेले. दोष निघाला तरच तिथून पत्र येणार होतं. ताईने पत्ता माझा दिला, कारण तिच्या सासूबाई घरात येणारं प्रत्येक पाकीट फोडतात. पत्र आलं नाही. आम्ही निर्धास्त. आणि आता गाठ. डॉक्टर म्हणाले, "तेव्हा अर्ध्या तासाच्या उपचारावर भागलं असतं."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नमुना पाठवलाच नसणार. त्यांना मी सोडणार नाही.

५ नोव्हेंबर

दवाखान्यात जाऊन आले. नर्सबाईंनी रजिस्टर पुढे केलं. ताईचं नाव, नमुना रवाना, सही. म्हटलं, "ही सही कालची दिसते."

"बाई, तुमचं भाषण ऐकून मी स्वतःची तपासणी करून घेतली होती. तुम्ही तरी असं बोलू नका."

त्यांनी रजिस्टर मिटून छातीशी धरलं. मला बरं वाटलं. लेखी तक्रार देऊनच बाहेर पडले.

७ नोव्हेंबर

नर्सबाई निलंबित. आज झोप लागेल.

८ नोव्हेंबर

परदेशी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंचं उत्तर — नमुना मिळाला होता, दोष होता, पत्र गेल्या वर्षी एप्रिलमध्येच पाठवलं. वा! एकीने चूक करायची, दुसरीने झाकायची. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हेच.

१० नोव्हेंबर

ताईचं पहिलं रेडिएशन. मशीन त्या परदेशी लोकांनी दिलेलं, चालवणारी मुलगी इथली, त्यांच्याकडे शिकून आलेली. ताईच्या पोटावर शाईच्या खुणा. "लहानपणी माझ्या वह्यांवर तू अशाच रेघोट्या मारायचीस," म्हणाली. मग म्हणाली, "नर्सबाई येऊन बसल्या होत्या. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द नाही."

"कुठल्या तोंडाने बोलतील?"

"तुझं आपलं आधी भाषण, मग चौकशी."

तरी परवा सभेत नर्सबाईंचं नाव घेणारच.

११ नोव्हेंबर

भाषणाला एक उतारा हवा. साथीच्या रोगांच्या इतिहासाचं ते जाडजूड पुस्तक गेल्या वर्षी अर्धवट राहिलं होतं. पानात खूण असेलच — हाताला येईल ते घालते मी, तिकिटं, आमंत्रणं. सकाळी काढते.

१२ नोव्हेंबर

पान दोनशे बारा. खुणेला लांबट पाकीट, परदेशी शिक्का. नाव ताईचं, पत्ता माझा. न फोडलेलं.

आत दोन ओळी. "दोष आढळला आहे. तीन आठवड्यांत या."

सुरुवात तीच ठेवते. मान खाली घालायची ती मी. शेवट नवा —

"बायांनो, नर्सबाईंना आजच्या आज कामावर परत घ्यायला लावा. त्या परत येईपर्यंत माझं एकही भाषण ऐकू नका."