काय थापा मारतेस!

नागपूर

प्रिय स्टॅनीदादा,

प्रभू तुझ्या उशाशी असो. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बेटीवहिनीची कंबर कशी आहे?

आपल्या निर्मळ गावच्या वाडीत माझ्या वाटणीच्या मोगऱ्याच्या कळ्या तूच खुडायचास आणि मी नुसत्या गोष्टी सांगायचे. मध्येच तू ओरडायचास, “काय थापा मारतेस गं!” मग गोष्ट आणखी रंगायची.

आता मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते, त्यावरच माझं पोट चालतं. तू जिथे ओरडायचास, त्या ठिकाणी स्टुडिओतही मी थांबतेच. ती शांतता नंतर कापून टाकतात.

तुझी वाचा गेल्याचं वहिनीने कळवलं. तिच्या फोनवर नवी गोष्ट पाठवली आहे. यातली शांतता मी कापू दिली नाही. तिथे नुसते ओठ हलव, दादा. वहिनी मला सांगेल.

तुझी थापाडी,
सँड्रा