भिंतीपलीकडचे गोचीड

सौंसर, सोमवार, १४ जुलै २०२५
अन्यायाची वेळ : सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं

चि. आशिषला विजयमालामावशीचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती, तुझ्या आईचे गुडघे आणि नागपूरचा उकाडा यांची चौकशी केली असं समज. आज मला तेवढं त्राण नाही.

वर लिहिलेल्या वेळी दूध न्यायला आलेली सहा माणसं माझ्या दारात उभी असताना शेजारच्या देवकाबाई भिंतीवरून ओरडल्या, "बाई, माह्या कालवडीले तीन दिवसापासून ताप भरून राह्यला, अन् हे गोचीड तुमच्याच गाईचे होय! इंग्रजी शाळेत शिकल्या, पण गाय धुवाले नाही शिकल्या!" मी एकतीस वर्षं मुलांना स्वच्छता शिकवली. (देवकाबाईंचा गजेंद्र त्यांतच होता, परिणाम शून्य.) माझी रूबी रोज न्हाते, हे साऱ्या आळीला ठाऊक आहे. तरी सहाही जणांनी आपापल्या भांड्यातल्या दुधात डोकावून पाहिलं. एकानं तर बोट घालून पाहिलं.

मे महिन्यात रूबीला हाच ताप आला तेव्हा तू धावत आलास, इंजेक्शन दिलंस, ती वाचली. ते उपकार मी विसरले नाही. पण नंतर तू तासभर जे व्याख्यान दिलंस, त्यानं माझी झोप गेली. म्हणे लहान गोचीड आजारी गाईचं रक्त पितो, टम्म फुगून खाली पडतो, कात टाकतो आणि मोठा होऊन दुसऱ्या जनावराला चिकटतो. मग दोन-तीन दिवसांत त्याच्या लाळेच्या ग्रंथींत जंतू पिकतात आणि थुंकीबरोबर त्या जनावराच्या अंगात उतरतात. (थुंकीतून रोग पसरवणारे प्राणी मी स्टाफरूममध्येही पाहिले, पण ते निदान घंटा झाली की सुटायचे.) तेव्हापासून मी रोज सकाळी चष्मा लावून, चिमटा घेऊन रूबीचे कान, कास आणि शेपटीचं बूड तपासते. या वयात बाकीच्या बायका जपमाळ ओढतात. सांगायचा मुद्दा, माझ्या अंगणात एकही गोचीड उरलेला नाही. तेव्हा कालवडीवरचे गोचीड देवकाबाईंचे स्वतःचे आहेत, असं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मला पाठव. भिंतीला त्यांच्या बाजूनं चिकटवते.

तुझी मावशी

ता. क. : उपटलेले गोचीड तू रॉकेलमध्ये बुडवायला सांगितले होतेस. मला तो वास सहन होत नाही. म्हणून मी ते कान तुटलेल्या कपात गोळा करून भिंतीपलीकडे टाकत आले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, आपला कोपरा स्वच्छ ठेवा. भिंतीपलीकडच्या कोपऱ्याबद्दल त्या काही बोलल्याचं आठवत नाही.

आणखी ता. क. : प्रमाणपत्र नको. रूबीला दिलंस तेच इंजेक्शन उद्या पहिल्या बसनं पाठव. इथल्या दुकानांतलं संपलंय. हे पत्र आजच संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. कालवड दीड वर्षाची आहे, नाव चिमणी. रोज भिंतीवर मान टाकून माझ्याकडे पोळी मागायची. आज पोळी घेऊन मीच पलीकडे गेले, तर तिनं हुंगलीही नाही. देवकाबाईंनी मला बसायला पाट दिला.

इंजेक्शनबरोबर लेखी उत्तर हवं (फोनवर तू नुसता "हो मावशी" म्हणतोस). दोनच ओळी लिही : चिमणी वाचेल का, आणि देवकाबाईंना मी काय सांगू. उद्या दुपारी बाराच्या आत.