सूक्ष्मदर्शकातलं कुंकू

बालाघाट,
शुक्रवार, २६ जून १९६४

तीर्थस्वरूप चिंतामणदादा यांस,

धाकट्या ललिताचा वाकून नमस्कार. आपला गुडघा, वहिनींचं पित्त आणि आपल्या हाताखालचे ओव्हरसिअर हे तिघेही या दमट हवेत फारसा त्रास देत नसतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे. (हे सवयीने लिहिलं. खुशाल वगैरे काही नाही, पण पत्राची सुरुवात भांडणाने करू नये असं आई म्हणायची.) इथवर ‘आपण’ लिहिलं ते वहिनींसाठी. माझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळी त्या वाचतात आणि मग चष्मा सापडत नाही म्हणून तुझ्याकडे देतात, हे मला माहीत आहे. तेव्हा यापुढे तू.

तुझ्या नागपूरच्या भाषणाचं कात्रण पोचलं. फोटोत हार फार मोठा आहे, त्यातून तुझं नाक तेवढं ओळखू आलं. ‘गणिताला मुलगा-मुलगी कळत नाही’ हे वाक्य चांगलं आहे. ‘ज्या मुलीला विज्ञान शिकायचं आहे, तिच्यासाठी माझ्या घराचं दार सदैव उघडं आहे’ हे त्याहून चांगलं. कंसात ‘टाळ्या’ असंही छापलं आहे. मी ते दोनदा वाचलं. पहिल्या वेळी डोळे भरून आले आणि दुसऱ्या वेळी तुझी उमा आठवली. मॅट्रिकला गणितात ब्याऐंशी गुण मिळवलेल्या पोरीचं त्याच वर्षी तू लग्न लावून दिलंस, स्थळ चांगलं होतं म्हणून. (स्थळ नेहमीच चांगलं असतं. वाईट स्थळाने कुणाचं शिक्षण मोडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.) हे भाषण दोन वर्षं आधी केलं असतंस तर निदान घरातलं एक माणूस तरी ऐकायला मिळालं असतं.

पण तुला नावं ठेवून मी कुठे जाऊ? आमच्या मुलींच्या शाळेतही विज्ञानाची गोडी लावण्याचं काम जोरात चालू आहे. चार वर्षांपूर्वी सरकारने विज्ञानाच्या सामानाच्या तीन पेट्या पाठवल्या. नळ्या, तराजू, चंबू आणि एक सूक्ष्मदर्शक. आमच्या मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंनी ते सगळं कपाटात लावलं आणि कुलूप घातलं, कारण काच फुटली की खुलासा लिहावा लागतो. पूर्वी खुलासा नागपूरला जायचा आणि शेरा होऊन परत यायचा. छप्पन साली राजधानी बदलल्यापासून तो भोपाळला जातो आणि तिकडेच राहतो, त्यामुळे बाईंची झोप उडते. म्हणून आमची प्रयोगशाळा वर्षातून दोनदा उघडते. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला आणि एकदा दसऱ्याला. दसऱ्याला पूजा असते ना! किल्ली मैनाबाई चपराशिणीकडे असते. ती न्हाऊनधुऊन येते, सगळी उपकरणं पुसते, चंबूत झेंडूची फुलं ठेवते आणि एकेकाला हळदकुंकू लावते. मुली रांगेने नमस्कार करून प्रसाद घेतात. हात लावायची परवानगी नाही, पाया पडायची आहे.

आता अनुसया. ही वारासिवनीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या भोजराज नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. इथे मावशीकडे राहून शिकली. तिला गणित येतं असं मी म्हणणार नाही, कारण गणित मला येतं. तिला ते दिसतं. मी फळ्यावर अर्धी रीत लिहिते तोवर ही उत्तर काढून खिडकीबाहेर बघत असते. मला तिचा अभिमान वाटतो आणि (तुझ्यापासून काय लपवायचं) हेवाही वाटतो.

फेब्रुवारीत भोपाळचे एक साहेब ‘बालिका विज्ञान प्रोत्साहन’ या कार्यक्रमाला आले. कपाट उघडलं, मांडव घातला, मुलींना पोहे वाढायला उभं केलं आणि सूक्ष्मदर्शक टेबलावर मधोमध ठेवला. साहेबांनी एक डोळा मिटून नळीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “वाह! खून के कण कितने साफ़ दिख रहे हैं!” टाळ्या झाल्या. प्रमोदिनीबाईंनी बघितलं आणि मान डोलावली. नगरपालिकेचे दोन सभासद उठून आले, त्यांनीही रक्त बघितलं. एकाने तर ते निरोगी असल्याचंही सांगितलं. मग अनुसयाला बोलावलं, कारण प्रोत्साहन तिला द्यायचं होतं. तिने बघितलं आणि सरळ म्हणाली, “साहेब, हे रक्त नाही. कुंकू आहे. दसऱ्याला लावलेलं.”

दादा, ते कुंकू आहे हे मलाही माहीत होतं. मैनाबाईने खालच्या काचेवर चिमूट वाहताना मी शेजारी उभी होते. साहेब ‘खून’ म्हणाले तेव्हा मी काय केलं? पदर सारखा केला. टाळ्याही वाजवल्या. चोवीस वर्षं गणित शिकवणारी बाई टाळ्या वाजवत होती आणि सतरा वर्षांची पोर एकटी खरं बोलत होती. ही लाज अजून गेलेली नाही.

साहेब हसले, “बच्ची बहुत तेज़ है” म्हणाले आणि पोहे न खाता गेले. पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. जूनमध्ये निकाल लागला, अनुसया गणितात जिल्ह्यात पहिली आली आणि शाळेने तिच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘उलट बोलण्याची सवय’ असं लिहून दिलं. मी बाईंशी भांडले. त्या म्हणाल्या, मी खोटं लिहिलंय का? ती उलट बोललीच ना? खऱ्याची चाड त्यांना नेमकी त्याच दिवशी आली होती.

गोष्ट बाजारातून वारासिवनीला आणि तिथून भोजराजच्या अंगणात पोचली. रविवारी मी तिथे गेले. (बसमध्ये एक बोकड होता आणि त्याला खिडकीची जागा मिळाली होती. कंडक्टर म्हणाला, तो लग्नाला चाललाय.) भोजराज पडवीत बसला होता, त्याची बायको शेवंताबाई दाराआड. अनुसयाचं लग्न ठरवायचं चाललं होतं, तेही घाईने.

“बाई, पोरीनं साहेबाले खोटं पाडलं मणते लोकं,” भोजराज म्हणाला. “आता येथच्या कॉलेजात घालू तं रोज तेच आयकावं लागन. अन् घरी ठेवू तं पावनेच येऊन नाही राह्यले. काहून शिकवलं जी तुमी तिले एवढं?”

दाराआडून शेवंताबाई म्हणाली, “पोरगी चुकली का पन? कुंकूच होतं नं थे?”

“हौ, कुंकूच होतं,” मी म्हणाले. चार महिने उशिरा का होईना, म्हणाले.

मग मी पर्समधून तुझं कात्रण काढलं. शपथेवर सांगते, एवढंच दाखवायचं होतं की नागपुरात मोठी माणसंही मुलींच्या बाजूने बोलतात. सगळं वाचून दाखवलं. दाराच्या वाक्याला भोजराजने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग कात्रण स्वतः हातात घेऊन फोटो बघितला, बोटाने ओळ लावून लावून तेवढंच वाक्य वाचलं.

“हे तुमचे सख्खे भाऊ?”

“सख्खे.”

“इंजिनेर? अन् दार उघडं हाय मणते?” तो बायकोकडे वळला. “अवं, पेपरात छापून आलं हाय. चार मानसांत बोलला मानूस, तो काय लबाड बोलन? बांध पोरीचं बोचकं.”

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की भाऊ, ही सभेत बोलायची रीत असते, ते दार हाराबरोबर उतरवून ठेवायचं असतं. शेवंताबाई दाराआडून पुढे आली होती आणि पदराने तोंड पुसत होती. अनुसया कोनाड्यातून वह्या काढत होती. मी काही बोलले नाही. गप्प राहून मी आजवर पुष्कळ नुकसान केलं, एकदा तरी गप्प राहून कुणाचं भलं करावं म्हटलं.

बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार, उमा आली तर तिला माझा आशीर्वाद. कात्रण मात्र तिला दाखवू नकोस.

तुझी,
ललिता

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे बघितलं असशीलच. हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो भोजराज. मागे पत्र्याची पेटी घेऊन उभी आहे ती अनुसया. गोंदियाला गाडी बदलून दोघं आले आहेत, तेव्हा आधी पाणी दे. उमाची खोली रिकामीच आहे. पोरगी कामाला वाघ आहे, पण तिला कामाला लावू नकोस.

आणखी एक. भोजराजला वाचायला वेळ लागतो, पण वाचता येतं. हे पत्र त्याच्यासमोर टाकून आत सल्ल्याला जाऊ नकोस. तुझ्या चेहऱ्याकडेच तो बघत असेल.

शेवटचं. एकोणचाळीस सालची ती दुपार तुला आठवत नसेल. तुझी बीजगणिताची वही भरून देणारी मी मॅट्रिक झाले होते आणि तू कॉलेजातून सुट्टीला आला होतास. पंगतीत बाबांनी तुला विचारलं, “चिंतामण, तू सांग, ललीला सायन्सला घालू या का?” तुझ्या शब्दाबाहेर ते नव्हते. मी वाढायची थांबले होते. तू म्हणालास, “आई, कढी झकास झाली आहे.” बाबांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी तुला आणखी कढी वाढली. आता तुझ्या दारात उभा असलेला माणूस तेच विचारतो आहे. जेवत असलास तर तोंडातला घास आधी गिळ, आणि मग बोल.